अकरा ते चार

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यातली गोष्ट. बँकेत केवायसीचं काम होतं, ते उरकून साडेबाराच्या सुमारास चालत घरी येत होते. रिक्षा करावी एवढंही अंतर नाही, म्हणून छत्री उघडली आणि निघाले. आमच्या भागातल्या बागेच्या भिंतीला लागून जो फुटपाथ आहे, तिथं एक बाई जेवायला बसली होती. चाळिशीची असेल. पाठ भिंतीला टेकलेली, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, मांडीवर स्टीलचा डबा. भाकरीचे दोन चतकोर, शेंगदाण्याची चटणी आणि झाकणात थोडी वांग्याची भाजी. बागेतल्या पर्जन्यवृक्षाची एक फांदी भिंतीवरून रस्त्यावर आली आहे, तिच्याखाली जेवढी सावली पडली होती तेवढ्यात ती बसली होती. नेमकी तेवढ्यातच. पाय पोटाशी घेतले होते, कारण लांब केले असते तर तळवे उन्हात गेले असते.

मला वाट हवी आहे असं समजून ती डबा उचलून सरकायला लागली. "बसा बसा," म्हटलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मावशी, आत बाकं आहेत की. इथं कशाला उन्हात?" फाटकाकडे न बघताच ती म्हणाली, "कुलूप हाय, काकू. अकरा ते चार." मग घास मोडता मोडता म्हणाली, "आत लई गार असंल, न्हाई?" आवाजात तक्रार अजिबात नव्हती. एखाद्या गावाला आपण कधी जाणार नाही हे ठाऊक असताना तिथल्या हवेची चौकशी करावी, तसं तिनं विचारलं. मी "हो, असेल" एवढंच बोलले आणि पुढे निघाले.

घरी आले, पंखा लावला, माठातलं पाणी प्यायले. जेवण मात्र गेलं नाही.

त्या दिवशी शेजारचा सातवीतला मुलगा गच्चीत पाण्याची बाटली उभी करून बसला होता. शाळेतून सांगितलं होतं म्हणे, शून्य सावली बघायची. मेच्या मध्याला पुण्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. संध्याकाळी तो जिन्यात भेटला तेव्हा मोठ्या आनंदानं सांगत होता, "आजी, खरंच गेली सावली!" मी त्याला शाबासकी दिली आणि मनात हिशेब केला. म्हणजे वर्षातल्या नेमक्या त्या दिवसांत, नेमक्या त्या वेळी बागेतल्या झाडांची सगळी सावली झाडांच्याच पायाशी असते. भिंतीच्या आत. बाहेर येते ती फक्त त्या एका फांदीखालची. आमची बाग रस्त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे पुढे दीड-दोनला सावली हळूहळू भिंत ओलांडून फुटपाथवर उतरते. पण दोन वाजता तिला पुढच्या घरी भांड्यांना जायचं असणार.

रात्री पडल्या पडल्या आई आठवली. आई आठवायला तसं निमित्त लागत नाही, पण त्या रात्री आठवली ती आडवी झालेली आई. आम्ही शुक्रवार पेठेत एका वाड्यात राहायचो, दोन खोल्या, माणसं सात. वडील एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायचे, कायमची रात्रपाळी. पहाटे घरी यायचे ते हाताला शाईचा आणि रॉकेलचा वास घेऊन. दोन-तीन घरगुती कामं उरकून झोपायचे आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत त्यांची झोप चालायची. आमची शाळा सकाळची. बाराला आम्ही तीन भावंडं घरी येणार, दप्तरं आपटणार, भांडणार, धाकटा रडणार. डोळ्यांवर पंचा टाकून झोपलेले वडील एकदाही ओरडले नाहीत, नुसते कूस बदलायचे. ते कूस बदलणं आईला सहन व्हायचं नाही. मग ती आमची जेवणं घाईघाईनं उरकून, तूप-साखर लावलेल्या पोळीच्या सुरळ्या एका डब्यात भरून, धाकट्याला कडेवर घेऊन आम्हाला बाहेर काढायची. कुठं? तर सारसबागेत. उन्हाळा असो, थंडी असो, ठरलेलं. पावसाळ्यात जास्त पाऊस असला तर देवळाच्या मंडपात.

तिथं गेल्यावर आम्ही गवतावर मोकाट सुटायचो आणि आई एका झाडाखाली पिशवी उशाला घेऊन, तोंडावर पदर ओढून आडवी व्हायची. माझ्या आईला घरात दिवसा आडवं झालेलं मी कधी बघितलं नाही. तापातसुद्धा ती भिंतीला टेकून बसायची. सासू-सासरे समोर, दीर जाता-येता, एका खोलीत झोपलेला नवरा. आडवं व्हायला जागा होती कुठं? सारसबागेत ती तासभर झोपायची. धाकटा तिच्या पोटाशी, आणि पदराचं एक टोक वाऱ्यानं उडायचं ते त्यानं मुठीत धरलेलं. मी मोठी, म्हणून मला लक्ष ठेवायला सांगितलेलं. मी देवळाभोवतीच्या पाण्यात वाकून कमळाच्या पानांवर थेंब नाचवायचे आणि मधूनमधून मागे वळून ते गवतावरचं हिरवं लुगडं जागेवर आहे ना ते बघून घ्यायचे. तापलेल्या फरशीवरून देवळात पळत जायचं, आत गेलं की पायाला गार दगड लागायचा, दूर्वांचा आणि ओल्या फुलांचा वास. तो गार दगड अजून तळव्यांना आठवतो.

आई जिथं झोपायची तिथं एके काळी पाणी होतं, हे मला फार उशिरा कळलं. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं केलं, मध्ये एक बेट राखलं, त्यावर बाग केली. पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात बेटावर गणपतीची स्थापना झाली. पेशवा तेव्हा दहा वर्षांचा पोरगा होता आणि कारभार नाना फडणवीसांच्या हातात. पाणी जाऊन कैक वर्षं झाली तरी जुनी माणसं अजून 'तळ्यातला गणपती' असंच म्हणतात. असं सांगतात की पेशवे मसलतीसाठी नावेतून तळ्यात जायचे आणि वल्ही मारायला मुद्दाम मराठी न कळणारी हबशी माणसं ठेवायचे, म्हणजे बोललेलं बाहेर फुटायला नको. खरं-खोटं देव जाणे. पण ती गोष्ट मला फार वेळा आठवते. राज्याच्या धन्यालासुद्धा चार शब्द निवांत बोलायला वाड्याबाहेर पडून पाण्याच्या मध्यभागी जावं लागत होतं, आणि दोनशे वर्षांनी त्याच तळ्याच्या तळाशी शुक्रवारातली एक बाई तासभर डोळे मिटायला येत होती. तळं कोरडं पडलं, महापालिकेनं तिथं बाग केली, आणि माझ्या आईला झोपायला जागा मिळाली.

पुण्याच्या बहुतेक जुन्या बागांचं हेच आहे. आधी त्या कुणा थोड्यांच्या होत्या. हिराबाग नानासाहेबांची. एम्प्रेस गार्डन आधी गोऱ्या सोल्जरांची बाग होती, मग राणी व्हिक्टोरियाच्या किताबावरून तिला नाव मिळालं. तिथला गारंबीचा वेल बघायला मी शाळेच्या सहलीतून गेले होते. माणसाच्या मांडीएवढं जाड खोड, या झाडावरून त्या झाडावर गेलेलं, आणि हातभर लांबीच्या शेंगा. बाईंनी सांगितलं, "हात लावू नका," आणि आम्ही सगळ्यांनी हात लावला. हळूहळू करत या बागांची फाटकं उघडत गेली. सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी सुरू झाली, ती आमच्या वेळेस सगळ्या पेठांतल्या पोरांची हक्काची आगगाडी होती. तिकिटाला पैसे नसले तर आम्ही कुंपणाला नाक लावून उभे राहायचो आणि ती वळणावर आली की आतली अनोळखी मुलं आम्हाला हात करायची. वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांचा तो उग्र वास वाऱ्याबरोबर सारसबागेपर्यंत यायचा. पुढे १९९९ मध्ये कात्रजचं प्राणिसंग्रहालय झालं आणि प्राणी तिकडे गेले. चांगलंच झालं त्यांचं. पण त्या बाजूनं जाताना अजूनही माझं नाक काहीतरी शोधतं.

सारसबागेचं मला आवडतं ते हे की तिला अमुक एकाची म्हणता येत नाही. पाडव्याच्या पहाटे तिथं पणत्यांचा आणि रेशमी कपड्यांचा पूर असतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी नवे कपडे घातलेली कुटुंबं सतरंज्या टाकून बसतात. एकदा माझ्या मुलीचा फुगा उडून त्यांच्यात गेला, तर परत येताना तिच्या हातात फुगा आणि वाटीभर शीरखुर्मा होता. १ ऑगस्टला बाहेर अण्णाभाऊ साठेंच्या पुतळ्यापाशी लांबून लांबून लोक येतात, आणि अभिवादन झालं की बागेत भाकरी सोडतात. थंडीत गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. माझी मुलगी चार वर्षांची असताना ते बघून फार गंभीर झाली होती. "बाप्पाला पण बाहेर झोपावं लागतं का?" असं तिनं विचारलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते इतका वेळ मी टाळत आले.

आमच्या बागेच्या फाटकावर 'सकाळी ६ ते ११, सायंकाळी ४ ते ८' अशी पाटी आहे. ती पाटी लागावी म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही रहिवाशांनी एक अर्ज दिला होता, आणि त्यावर माझी सही आहे. चौथी की पाचवी. त्यापूर्वी बाग दिवसभर उघडी असायची. दुपारी तिथं पत्ते कुटणारं एक टोळकं बसायला लागलं होतं. झुडपांत बाटल्या सापडायच्या. आणि मग आमच्याच इमारतीतली एक मुलगी, अकरावीतली, क्लासहून येताना बागेतून आडवी यायची, तिच्या मागे एक माणूस लागला. चार दिवस रोज. तिनं पाचव्या दिवशी घरी सांगितलं तेव्हा तिचे हात थरथरत होते, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्याच रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये अर्ज लिहिला गेला. कुणीतरी म्हणालं, "दुपारी सभ्य माणसं घरातच असतात." मी ते वाक्य ऐकलं, मान हलवली आणि सही केली. त्या मुलीची भीती मला आजही खोटी वाटत नाही. ती सही करताना तिच्यासाठी काहीतरी केल्याचं समाधान होतं, तेही खरं होतं. पण 'दुपारी सभ्य माणसं घरातच असतात' हे ऐकताना मला माझी आई कशी आठवली नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही. हिरवं लुगडं, तोंडावर पदर, भर दुपारी बागेत आडवी झालेली बाई. त्या हॉलमधल्या हिशेबानं ती कोण ठरली असती?

कुलूप लागलं आणि पत्तेवाले गेले, हे खरं. ते गेले ते दोन गल्ल्या पलीकडे एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर. त्यांना बसायला काय, कुठंही चालायचं. ज्यांना दुसरी जागाच नव्हती त्यांचं काय झालं, हे आम्ही कुणी बघितलं नाही. आम्ही सकाळी सहाला जॉगिंग ट्रॅकवर, साडेसातला हास्यक्लबात आणि संध्याकाळी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर. आमच्या वेळा सांभाळूनच ती पाटी लिहिलेली आहे.

त्या बाईनंतर मी मुद्दाम दुपारची बाहेर पडायला लागले. पंधरा-वीस दिवस गेले असतील. नजर बदलली की माणसं दिसायला लागतात. बागेच्या भिंतीला लागून, सावली सरकेल तसे सरकणारे किती तरी जण. समोरच्या अपार्टमेंटमधला रात्रपाळीचा सिक्युरिटीवाला. त्याची खोली पत्र्याची, दिवसा तिथं झोपणं शक्यच नाही. दोन कामांच्या मधल्या वेळेतल्या तीन-चार बायका. मोटारसायकल स्टँडवर लावून तिच्यावरच मान टाकून पेंगणारी डिलिव्हरीची पोरं, एक डोळा मोबाईलवर. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा, परभणीकडचा, त्याला अभ्यासिकेत अर्ध्या दिवसाचीच खुर्ची परवडते. तो फाटकाच्या कठड्यावर बसून राज्यघटनेची कलमं पुटपुटत होता. आणि आत, कुलपाच्या आत, सगळी बाकं रिकामी. पर्जन्यवृक्षाखाली गुलाबी केसाळ फुलांचा सडा पडलेला, चिकट शेंगांवर खारी नाचतायत, नळीतून हिरवळीला पाणी चालू आहे. गजातून आत हात घातला तर बोटांना गारवा लागतो. खरंच लागतो, मी घालून बघितला.

माळीदादा आत एकटेच जेवत होते. मला बघून उठून फाटकापाशी आले. "काही हरवलंय का, काकू?" मी म्हटलं, "ही बाहेरची माणसं तासभर आत बसली तर तुम्हाला त्रास होईल का हो?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला कसला त्रास? पूर्वी बसायचीच की. त्या कोपऱ्यात बायका बसायच्या, मी नळ सुरू ठेवायचो डबे धुवायला. अर्ज आला, मग कुलूप आलं." अर्ज कुणाचा हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जाऊन सांगितलं. ते नुसते हसले, पण त्या हसण्यानं मला मोकळं वाटलं नाही.

गेल्या रविवारी मी नवा अर्ज लिहिला. बाग दिवसभर उघडी ठेवावी, दुपारी एक रखवालदार नेमावा, शक्य तर बाई असावी, झुडपं गुडघ्याएवढी छाटावीत म्हणजे कुठूनही कुठलंही दिसेल. जुन्या अर्जावरच्या लोकांना फोन केले. दोघांनी लगेच हो म्हटलं. एक जण रागावले, "तुम्हाला पुन्हा ते सगळं हवंय का?" म्हणाले. त्यांची काळजी मला कळते. ती अकरावीतली मुलगी आता नोकरीला लागली आहे, बंगळूरला असते. तिलाही फोन केला, कारण तिला न विचारता हे करणं मला जमेना. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, मी यायचे त्या वेळेला बागेत एकही बाई दिसायची नाही. दहा बायका बसलेल्या असत्या तर मी त्यांच्यात जाऊन बसले असते." हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

काल दुपारी अर्ज घेऊन बागेपाशी गेले. पाऊस एकदा पडून गेला आहे, पण ऊन अजून तसंच. ती बाई होती, त्याच फांदीखाली. आंबेगावहून येते, दोन बस बदलून. मधल्या वेळात घरी जाऊन येणं होत नाही. मी शेजारी बसले आणि अर्ज वाचून दाखवला. तिनं लक्ष देऊन ऐकला. पेन पुढे केलं तर म्हणाली, "माझी सही चालती व्हय? मी हितली न्हाई. हितं निस्ती कामाला येते." मी म्हटलं, "चालते. पहिली तुमचीच हवी." तिनं हात पदराला पुसले, कागद डब्याच्या झाकणावर ठेवला आणि एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. आडनावापाशी थांबली, पेन धरलेल्या बोटाचा तेलाचा एक ठसा कागदावर उमटला, तो पुसायला गेली तर आणखी पसरला. "राहू दे," म्हटलं. मग पुढच्या रकान्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "काकू, पत्ता कुठला घालू? घरचा का कामाचा?"